निळा धूर काढत तोरणमाळला

तोरणमाळला लोक थंड हवा खायला जातात. आम्हीही त्याच बेताने नाशकाहून निघालो होतो. पण नंदुरबार जिल्ह्यात होतो तितक्या दिवसांतला निम्मा वेळ मी एका जुन्या जीपच्या मागे कमरेत वाकून, सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत घालवला. त्यामुळे या भागाचं निसर्गवर्णन माझ्याकडून जरा खालच्या पातळीवरून होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही म्हणजे मी आणि दिगू. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. दिगू पाटबंधारे खात्यातला निवृत्त साहेब आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तिसरी होती ठमाबाई, म्हणजे दिगूची डिझेल जीप. खात्याने लिलावात काढली तेव्हा कुणी हात वर करेना, तो दिगूने केला. तिला दारं नाहीत, वरची ताडपत्री मनात आलं तर टिकते, आणि हॉर्न दाबला की वायपर हलतो. दिगूने तिच्यावर बायकोपेक्षा जास्त जीव लावला, असं त्याची बायकोच सगळ्यांना सांगते.

या प्रवासाला कारण होतं. दिगूला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं, आणि ती नळी बारीक होत चालली आहे. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. मग मुलाने ठमाबाईची सोय लावली. हायवेवरचा एक ढाबेवाला तिला चौथऱ्यावर चढवून ढाब्यापुढे शोभेला ठेवणार होता. आम्ही परतलो की तो तिला घेऊन जायचा होता.

"इंजिन काढून त्यात शेवंती लावणार आहेत म्हणे," दिगूने मला सांगितलं. सांगताना त्याने असा चेहरा केला होता की जणू शेवंती त्याच्याच पोटात लावणार आहेत.

त्याआधी त्याला एक गोष्ट करायची होती. तरुणपणी त्याची पहिली नेमणूक तोरणमाळला होती. तिथल्या तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात खात्याच्या ड्रायव्हरने त्याला जीप शिकवली. त्याच मैदानात, दिवसाउजेडी, त्याला एकदा शेवटचं स्टेअरिंग धरायचं होतं.

"रस्त्यावर नाही धरणार," तो म्हणाला. "मी आंधळा होतोय, गाढव नाही."

म्हणजे नाशिक ते तोरणमाळ गाडी मी चालवायची असं ठरलं. माझं ड्रायव्हिंग बघून दिगूला पहिल्याच दिवशी दृष्टी कमी असण्याचे फायदे पटले.

नंदुरबार

नंदुरबारच्या बाहेर थंडीत मिरची वाळत घालतात. मिरची वाळते हे मलाही माहीत होतं. आमच्या गच्चीतही वाळते, पाटीभर, कावळ्यांपासून राखत. इथे शेतंच्या शेतं लाल. नजर जाईल तिथपर्यंत जमिनीवर मिरची अंथरलेली, तोंडाला फडकी बांधलेल्या बाया ती पायाने उलटीपालटी करताहेत, आणि वरून पांढरंफटक ऊन. उभ्या आयुष्यात लाल रंगाच्या जेवढ्या ट्यूबा मी पिळल्या असतील, त्या सगळ्या एकत्र केल्या तरी एक कोपरा भरला नसता. मी भारावून जीप कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि उतरून बघत राहिलो.

एक बाई तरातरा माझ्याकडे आली. कौतुकाने बोलेल असं मला वाटलं.

"ओ भाऊ," ती फडकं खाली ओढून म्हणाली, "तुम्हनी गाडी आम्हनी मिरचीवर धूर सोडी ऱ्हायनी. तिले पुढे ल्या. धूरना वास कोन खाई मंग?"

मी मागे पाहिलं. ठमाबाईच्या मागून काळा, जाड, गुबगुबीत धूर निघत होता. मी खजील होऊन जीप पुढे नेली. तिथे दिगूने मला धुराचा पहिला धडा दिला, तोही शिंकत शिंकत, कारण वारा मिरचीवरून येत होता.

काळा धूर म्हणजे गाडीला दम लागलाय, डिझेल मिळतंय पण हवा मिळत नाही. पांढरा धूर म्हणजे पाणी तरी, नाहीतर न जळलेलं डिझेल. थंडीत सकाळी पांढरा निघाला तर घाबरायचं नाही. "आणि निळा निघाला," दिगू म्हणाला, "तर गाडी स्वतःचं इंजिन ऑइल पितेय असं समजायचं. निळा निघाला तर आपली वारी इथेच संपली. मला नीट दिसत नाही, तेव्हा रंग सांगायचं काम तुझं."

चाळीस वर्षं पोरांना रंग शिकवले, पण एवढं महत्त्वाचं काम मला कुणी दिलं नव्हतं.

काळ्याचं कारण लगेच सापडलं. जुन्या जीपच्या एअर फिल्टरला खाली तेलाची वाटी असते. हवेतली धूळ तिथल्या तेलात अडकते. दिगूने हाताने चाचपत ती वाटी सोडवली. आत धूळ होतीच. शिवाय कापसाच्या गाड्यांमागून आल्यामुळे सरकीचा भुसा आणि कापूस होता, आणि आता वर मिरचीचा खकाणाही बसला होता. ते सगळं तेलात भिजून असं काही झालं होतं की खानदेशात ते भाकरीबरोबर खपलं असतं. आम्ही वाटी पुसली, तेल बदललं, आणि डोळ्याला हात लावायचा नाही असं एकमेकांना बजावलं. दोघांनीही लावला. पुढचा अर्धा तास दिगूला आणि मला सारखंच दिसत होतं.

पण धूर गेला. ठमाबाई शहाद्यापर्यंत गुणी बाळासारखी आली.

कळसाडी

मुक्काम कळसाडीला होता, मंगाभाईंकडे. दिगू या भागात कालव्यांच्या कामावर असताना त्यांची ओळख झाली आणि मागे राहिली. घर गुजरांचं, शेती कापूस आणि उसाची. घरात ते गुजरी बोलतात, गावात आणि आमच्याशी अहिराणी. मी मास्तर आहे हे कळल्यावर शुद्ध मराठीचा प्रयत्न करायचे, पण दोन वाक्यांत दमून परत अहिराणीवर यायचे.

"या या सायेब! आठवण व्हयनी का आम्हनी?" त्यांनी दिगूला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळून, जीपकडे हनुवटी करत, विचारलं, "आनि गाडी? गाडी जेवी उनी का?"

मला हा विनोद फार आवडला. आपणही कमी नाही हे दाखवायला मी म्हणालो, "नाही हो मंगाभाई. ती उपाशीच आली आहे. तुमच्याकडेच जेवेल म्हणते!"

मंगाभाई हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवून ते आत गेले. मला वाटलं, माझा विनोद पडला.

जेवायला दादर ज्वारीच्या भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि शेवभाजी. आमच्या कॉलनीत पाहुण्याला "चहा घेणार होतात का?" असं विचारतात, म्हणजे तो विचार तुम्ही आता सोडला असेलच असं धरून. इथे विचारणं नाही. भरितावर मंगाभाईंच्या बायकोने, म्हणजे काकींनी, शेंगदाण्याचं कच्चं तेल घातलं. मी बास म्हटलं. त्यांनी आणखी घातलं. मी ताटावर हात आडवा धरला, तर तेल बोटांवरून ओघळून जिथे जायचं तिथे गेलं.

"तेल नही खाल्लं तं हाडं कुरकुर करतीन," काकी म्हणाल्या. माझी हाडं त्यांनी बारकाईने पाहिलेली दिसली.

दिगूचा हात शेवभाजीच्या वाटीच्या शेजारून दोनदा रिकामा गेला. काकींनी वाटी त्याच्या बोटांशी सरकवली आणि मंगाभाईंशी उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिल्या. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. मी आणखी एक भाकरी मागितली, त्याने त्या जास्त खूश झाल्या.

म्हसावदच्या अलीकडे

सकाळी थंडी कडक होती. ठमाबाई खोकत उठली आणि तिने पांढरा धूर सोडला. मी धडा आठवून घाबरलो नाही. गावाबाहेर पडेपर्यंत तो विरलाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून केळी, समोर सातपुडा निळसर उभा. मी खुशीत गुणगुणायला लागलो. दिगूही कधी नव्हे ते माझ्या गुणगुणण्याला काही बोलला नाही.

मग आरशात पाहिलं तर मागचा उसाचा ट्रॅक्टर दिसेना. धुरात गेला होता.

"थांबव," दिगू म्हणाला. त्याला वास आला होता. "रंग सांग."

मी खाली उतरून मागे गेलो. काम जबाबदारीचं होतं, तेव्हा नीट बघून सांगितलं, "कोबाल्टमध्ये भरपूर पांढरा घातला आणि वरून किंचित राखाडीचा हात फिरवला, तर..."

"मास्तर. निळा की पांढरा?"

"तसं एका शब्दात सांगणं म्हणजे रंगावर अन्याय..."

"निळा की पांढरा?"

"निळा," मी म्हणालो.

दिगू उतरून नुसताच स्टेअरिंगच्या बाजूला हात टेकून उभा राहिला. मग त्याने मला कामाला लावलं. गाडी नुसती चालू ठेव, किती येतोय? येतोय. ॲक्सिलरेटर दाब, आता? भसाभसा येतोय. सोड, आता? तरी येतोय. त्याने मागे येऊन धुरात नाक घातलं आणि मागे सरला. इंजिन ऑइल जळत होतं, शंकाच नको.

"तेलाची पट्टी काढून बघ. तेल किती आहे?"

इंजिनात तेल किती आहे ते बघायला एक लांब पट्टी असते, तिच्यावर खालची आणि वरची अशा दोन खुणा. मी पट्टी काढली, पाहिली आणि आनंदाने ओरडलो, "भरपूर आहे! तेलाची अजिबात काळजी नको!"

दोन निळ्यांमधला फरक मी अर्धा तास सांगू शकतो, आणि त्या पट्टीबद्दल मी "भरपूर" एवढंच सांगितलं. दिगूला वाटलं, तेल खुणेवर आहे. मला वाटलं, मी त्याला चांगली बातमी दिली. असे आम्ही दोघे समाधानाने खड्ड्यात उतरलो.

"म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार," दिगू सावकाश म्हणाला. "रिंगा झिजल्या की तेल वर चढतं आणि जळतं."

म्हसावद

म्हसावद मोठं गाव आहे. लिंबाच्या झाडाखाली भटू मिस्तरीचं गॅरेज सापडलं. समोर दोन ट्रॅक्टर आणि एक थ्रेशर आजारी पडलेले. ठमाबाई धुरातून प्रकट झाली तशी माणसं जमली. आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीला लोक हॉर्न वाजवून वळसा घालून जातात. इथे प्रत्येक जण थांबतो आणि निदान केल्याशिवाय जात नाही. एक म्हणाला, डिझेलमध्ये पाणी आहे. दुसरा म्हणाला, नजर लागली. तिसऱ्याने सायलेन्सरमध्ये बोट घालून ते चाटलं, तोंड वाकडं केलं आणि निदान स्वतःपाशीच ठेवलं.

भटू मिस्तरीने चालू इंजिनावरचं तेल भरायचं झाकण उघडलं. आतून भस्सकन वाफ आली आणि तेलाचे शिंतोडे त्याच्या शर्टावर उडाले. त्याने दिगूकडे पाहिलं. दोघे जाणकार एकमेकांच्या दुःखात सहभागी झाले.

"रिंगा गयात सायेब," भटू म्हणाला. "इंजन खोलनं पडी. सामान नंदुरबारथीन आनसू. आठ-धा दिन."

"हं," दिगू म्हणाला. "मलाही तेच वाटलं होतं."

तो एका ट्रॅक्टरच्या टायरवर बसला. इथून सातपुडा हाताच्या अंतरावर होता. तोरणमाळ वर, त्या डोंगरात. आठ-दहा दिवस थांबायचं तर मुलगा आधीच फोनवर फोन करत होता, आणि जीप इथेच उघडून ठेवली की ती परस्पर ढाब्यावर जाणार हे दोघांनाही कळत होतं. पुढच्या वर्षी येऊ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या वर्षी त्या नळीतून काय दिसेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"शेवंती लावू दे त्यांना," दिगू म्हणाला. "शेवंतीही बरी दिसते."

मला फार वाईट वाटलं. त्याने डॉक्टरांना शिव्या दिल्या असत्या, मला दिल्या असत्या, तर चाललं असतं. शेवंतीबद्दल बरं बोलणारा दिगू मला सहन होईना.

मी बाजूला जाऊन मंगाभाईंना फोन लावला. मुलाने ट्रक पाठवेपर्यंत जीप त्यांच्या खळ्यात ठेवता येईल का, हे विचारायचं होतं.

"बोला मास्तर!" मंगाभाई पलीकडून ओरडले. फोनवर बोलताना ते आपला आवाज शेजारच्या तालुक्यात पोचवायचा असल्यासारखे बोलतात. "गाडी कशी चाली ऱ्हायनी? पोट भरनं ना तिन्हं?"

"काय भरलं?"

"पोट! सकायले पाजी दिधं ना मी तिले. ट्रॅक्टरना तेलना नवा डबा व्हता, आख्खा वती दिधा. तुम्हीच सांगं ना, उपाशी उनी म्हनीसन?"

मी झाडाचा आधार घेतला.

"मंगाभाई, तुम्ही गाडीला... तेल पाजलंत?"

"पाजनंच पडस ना! मन्हा बापना येळले पाहुणा बैलगाडीवर ये. पहिले बैलसले तेल-गूळ, मंग पाहुणाले भाकर. आते बैल नही, गाडी ये, तिले काय गूळ देऊ? पाहुणा जेवस आनि गाडी उपाशी, आसं आम्हना घरमा व्हत नही." मग जरा आवाज उतरवून, कौतुकाने, "पन गाडी गुणी शे हं. डबा रिकामा व्हयना तरी नही म्हनी नही!"

मी फोन तसाच हातात धरून दिगूकडे धावलो आणि सगळं एका दमात सांगितलं. दिगू टायरवरून उठला.

"पट्टी काढ," तो म्हणाला. "आणि आता ‘भरपूर’ म्हणालास तर याद राख. वरच्या खुणेपासून कुठे?"

मी पट्टी काढली. "वरच्या खुणेच्या वर चार बोटं."

दिगूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात दृष्टी कमी असल्याचं काहीच लक्षण नव्हतं.

भटू मिस्तरीने डोक्याला हात लावला. "मंगाभाईकडे मुक्काम व्हता हाई आधी नही सांगता येनार? सायेब, आख्खा म्हसावदले माहीत शे! त्यासना दारमा गाडी उभी करी का पहिले म्हननं पडस, ‘गाडी जेवी उनी.’ मी स्वतः म्हनस. मन्हा सालाले माहीत नव्हतं, त्यान्हा ट्रॅक्टर आसाच धूर काढत उनता."

जमलेल्या सगळ्यांना आता आधीपासूनच तसा संशय होता. बोट चाटणाऱ्याने तर "मी काय म्हननू" असा चेहरा केला.

तेल जास्त झालं की फिरणारा दांडा ते लोण्यासारखं घुसळतो, फेस होतो, आणि तो फेस हवेच्या वाटेने इंजिनात ओढला जाऊन जळतो. रिंगा बिचाऱ्या ठणठणीत होत्या. हे दिगूला माहीत होतं, भटूला माहीत होतं. घराण्याची रीत म्हणून कुणी जीपला पाहुणचार करेल, हे दिगूच्या खात्याने त्याला शिकवलं नव्हतं, एवढंच.

भटूने खालचा नट सैल करून तेल डब्यात काढलं. मंगाभाई अजून फोनवर होते.

"काढी लिधं?" त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "पाहुणाना पोटमातून काढी लिधं?"

दिगूने फोन माझ्या हातून घेतला. "सगळं नाही हो मंगाभाई," तो म्हणाला, "पोटभर ठेवलंय. वरचं तेवढं काढलं. तिला डोंगर चढायचाय ना, जड नको."

"मंग ठीक शे," मंगाभाई म्हणाले.

भटूने इंजिन चालू केलं. धूर आला. निळाच आला. दिगूने मान वळवून माझ्याकडे कान केला.

"आहे अजून," मी सांगितलं.

"आत शिरलेलं जळायला वेळ लागणार. थांब."

आम्ही थांबलो. सगळं गाव थांबलं. चहा आला, प्याला गेला. कोबाल्टचा आकाशी झाला. आकाशीचा, पोरं पेला पुरता न धुता ब्रश बुडवतात तेव्हा पाण्याला येतो तो रंग झाला. मी हे मोठ्याने सांगितलं नाही. मग त्यातलाही रंग गेला आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर नुसती पलीकडची भिंत थरथरताना दिसायला लागली.

"दिगू," मी म्हणालो, "नाही."

"काय नाही?"

"काहीच नाही. धूर नाही."

त्याने हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि इतक्या जोराने दाबला की तो मला दोन दिवस दुखत होता.

घाट

राणीपूर मागे पडलं आणि रस्ता सागाच्या जंगलात शिरला. साग पानगळीला लागलेला, पानं रस्त्यावर पापडासारखी वाजत होती. मग वळणं सुरू झाली. एकावर एक रचलेली, खाली पाहिलं की आपणच मघाशी कुठून आलो ते दिसणारी. मी खाली पाहिलं नाही. मी समोरही फारसं पाहिलं नाही.

गाडी माझ्या हातात होती, पण चालवत दिगू होता. डोळे मिटून इंजिन ऐकत बसलेला. "दुसरा टाक. आता नाही. थांब, तिला बोलू दे. आता." प्रत्येक "आता" बरोबर गिअर असा पडत होता की मलाच माझा अभिमान वाटू लागला. म्हणून एका वळणावर मी त्याचं न ऐकता गिअर टाकला आणि ठमाबाई बंद पडून मागे घसरायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो. दिगू शांतपणे उतरला, पायाने चाचपत एक धोंडा शोधला आणि चाकामागे लावला. तेवढ्यात टपापर्यंत माणसं भरलेली एक प्रवासी जीप आम्हाला ओलांडून वर गेली, आणि टपावरून कुणीतरी आमच्याकडे बघून हात जोडले. नमस्कार केला की प्रार्थना, ते कळलं नाही.

तोरणमाळ

वर पोचलो तेव्हा ऊन कलायला बराच वेळ होता. तळं तसंच होतं, दिगू म्हणाला. त्याने ते तसं पाहिलं नव्हतं, वाऱ्यावरून आणि वासावरून ओळखलं होतं. काठाशी मैदान, गवत वाळून पिवळं पडलेलं. त्यात दित्या पावरा नावाचा एक माणूस शेळ्या चारत होता. मी त्याला आमचं काम सांगितलं. त्याने एकदा दिगूकडे पाहिलं, एकदा जीपकडे.

"बाबाला चालवू द्या," तो म्हणाला. "मी बकऱ्या घेतो बाजूला." आणि शीळ घालत सगळ्या शेळ्या झाडीकडे हाकून, मैदानाच्या कडेला उभा राहिला.

दिगू स्टेअरिंगमागे बसला. हात दोन्ही बाजूंनी फिरवून घेतले, आरसा उगाच सारखा केला.

"मी बसू शेजारी?" मी विचारलं.

"उतर. मैदानाच्या बरोबर मध्ये उभा राहा आणि धुराकडे बघ. मी तुझ्याभोवती फिरतो."

मी मध्ये जाऊन उभा राहिलो. ठमाबाई सुटली. मला डावीकडे ठेवून ती मोठा गोल घेत निघाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट चालताना पाहिलं. माझ्या हातात ती नुसती ढकलली जात होती. दिगूची पाठ ताठ होती, कोपर बाहेर, तो वीस-बावीस वर्षांचा दिसत होता.

"रंग?" त्याने ओरडून विचारलं.

"काही नाही!" मी ओरडलो.

पुन्हा गोल. "रंग?" "काही नाही!" थोड्या थोड्या वेळाने तो विचारत राहिला आणि मी तेच उत्तर देत राहिलो. आता गाडी सुधारली, दिगूला धुराचं एवढं काय पडलंय, असं मला वाटलं. फोटो काढावा म्हणून मी तळ्याच्या बाजूला सरकलो. तिथून तळं, डोंगर आणि जीप अशी तिन्ही चौकटीत येत होती.

"रंग?"

"काही नाही!" मी फोनमध्ये बघत ओरडलो.

ठमाबाईचा गोल बिघडला. ती वळली आणि माझ्या पलीकडून, तळ्याच्या उताराकडे यायला लागली. दित्या कडेवरून जोरात ओरडला. "दिगू, थांब!" मी किंचाळलो. जीप उताराच्या अलीकडे थांबली, इंजिन धडधडत राहिलं.

मी धावत गेलो. दिगू दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत होता.

"मधे उभा राहा म्हटलं होतं ना?" तो म्हणाला.

"तुला मी दिसत नव्हतो?"

"डावीकडचं काहीच नाही दिसत आता. महिना झाला. घरी सांगितलं नाही, नाहीतर आज मैदान मिळालं नसतं. तुझा आवाज होता ना. तो डावीकडे ठेवून वळत होतो."

मी म्हणालो, "उतर आता, दिगू. पुष्कळ झालं." तो उतरायला लागला. काही वाद न घालता, आज्ञाधारक मुलासारखा पाय खाली शोधायला लागला. ते मला बघवेना. मी त्याचा पाय धरून परत आत ठेवला.

दित्याला मी तळ्याच्या बाजूला उभं केलं. जीप इकडे आली तर ओरडायचं, एवढंच सांगितलं. दिगूला म्हणालो, "पहिल्याच गिअरमध्ये. आणि विचारू नकोस, मी बोलतच राहतो." मग मैदानाच्या मधोमध गेलो, पाय रोवले आणि सुरुवात केली.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. तळं आत्ता कुठल्या निळ्यात आहे, त्याच्यामागचा डोंगर कुठल्या, गवतातला पिवळा कुठे तांबूस होत जातो, दित्याच्या मुंडाशाचा लाल नंदुरबारच्या मिरचीपेक्षा किती फिका, झाडीत घुसलेली पांढरी शेळी कशी परत बाहेर येतेय, असं जे समोर दिसेल ते मी घसा फोडून सांगत राहिलो, आणि ठमाबाई माझ्याभोवती सावकाश, न चुकता, गोल फिरत राहिली.